आधी अण्णांच्या गालावर

खोक्यातून तीन बाटल्या निघाल्या. तिन्हींवर मृण्मयीचं नाव छापलेलं. मुरुमांचे फोटो पाठवून, पन्नास प्रश्नांची उत्तरं देऊन तिने त्या मागवल्या होत्या. "आई, हे फक्त माझ्या त्वचेसाठी बनवलंय," म्हणत ती सोबतचा कागद वाचू लागली. "आधी कानामागे थेंबभर लावून बघायचं. झोंबलं तर वापरायचं नाही."

शुभदाचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. दहावीत तिचाही चेहरा असाच मुरुमांनी भरला होता. तिचे वडील, अण्णा, रोज सकाळी देवाचं गंध उगाळून झालं की त्याच सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचे. आधी आपल्या गालावर बोट ओढायचे, जरा थांबायचे, मगच तिला लावायचे. कितीदा तरी तो तपकिरी पट्टा तसाच घेऊन एसटी डेपोत कामावर जायचे. तिथे सगळे हसायचे. "लेकीला झोंबायला नको," एवढंच ते सांगायचे.

"आण ती बाटली," शुभदाने गाल पुढे केला. "आधी मला लाव."

"अगं, तुला लावून माझं काय कळणार?"

"काहीच नाही," शुभदाने डोळे मिटले. "तरी लाव."