आखूड बाही

केमो सुरू झाल्यापासून शिवणकाम करणाऱ्या धाकट्या बहिणीला घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. गळ्यातली टेप माशासारखी सळसळायची. तिच्या खोलीच्या काचेच्या दारापलीकडची लशीवरची भांडणं बुडबुड्यांसारखी वर येऊन विरायची. डॉक्टर म्हणाले होते, “हिला लस लागू पडेलच असं नाही. या साथीत हिला जपायचं तर तुम्ही सगळ्यांनी घ्या.” बाकीच्यांनी घेतली; थोरला भाऊ मात्र अडून बसला. “त्या सुईपेक्षा मी दाराबाहेर बरा.” तिने तरंगत तरंगत त्याच्यासाठी शर्ट शिवला आणि दाराच्या फटीतून सरकवला. त्याने तिथेच अंगावर चढवला. डावी बाही खांद्यापाशीच संपत होती. “अगं वेडे, माप चुकलं तुझं!” तो खदखदून हसला. “चुकलं खरं,” ती म्हणाली. तीस वर्षांत तिचं माप कधी चुकलं नव्हतं. त्याने उघड्या दंडावरून हळूच हात फिरवला. “लशीची रांग कुठे लागते गं?”