चरित्रांची थप्पी

नात संघमित्राला दहा हाका मारल्या तरी ऐकू जात नाही. बोरीवलीच्या वाचनालयातून कवींची, चित्रकारांची, नटांची चरित्रं आणते आणि त्यात तोंड खुपसून बसते. एवढं आहे तरी काय, म्हणून दुसरी शिकलेल्या सुंदराबाईंनी अक्षराला अक्षर जोडत प्रत्येकाचं शेवटचं पान तेवढं वाचलं. सातही पुस्तकांत माणूस मेलेला! आणि आजच नातीची पहिली कविता छापून आलेली. सुंदराबाईंनी नातीला जवळ ओढलं.

"या नादाला लागलेलं एकही माणूस जगलं नाही गं," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या.

"आजी, चरित्र आहे ना ते! शेवटी मरणारच," संघमित्रा हसली.



"मग कविता कर खुशाल. पण तुझं चरित्र कुणाला लिहू दिलंस, तर तंगडं मोडीन!"