दुसरा सेन्सर

कोल्हारच्या घरात भर दुपारी मनवा विहिरीवर बसवायच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डासाठी ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणारा प्रोग्राम, लिहीत होती. टेबलावरचा सेन्सर समोर जे येईल त्याचं अंतर सांगायचा. विहिरीत तो पाण्याची पातळी मोजणार होता.

असल्या बोर्डाला काय जोडलंय ते आपणहून कळत नाही, फाईलमध्ये लिहून सांगावं लागतं. चाचणीसाठी लिहिलेली दुसऱ्या सेन्सरची नोंद मनवा पुसायला विसरली होती. दुसरा सेन्सर घरात नव्हताच. तरी त्याचा आकडा स्क्रीनवर येत होता, आणि सावकाश कमी होत होता.

"मने, दोन घास खाऊन घे की. लई वेळ झाला," आप्पा दारातून म्हणाले.

"याचा छडा लावल्याशिवाय मी उठत नसते, आप्पा."

आप्पा हसून मळ्याकडे गेले.

तिनं नोंद पुसली, बोर्डाची मूळ प्रणाली, कर्नल, नव्यानं चढवली. दुसरा आकडा होताच. सेन्सरच्या तारा उपटल्या. पहिला आकडा गेला, दुसरा राहिला.

"कुठून मोजतोस तेवढं तर कळू दे," ती दात-ओठ खात म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवली.

आकडा झपकन उतरला.

म्हणजे मोजणारं जे काही होतं ते तिच्या पाठीमागे होतं, आणि मोजलं जात होतं ते तिलाच. तिनं वळून पाहिलं. भिंत आणि खुंटीवरची पिशवी.

एका चाचणीवर मनवा कधीच विसंबत नसे. तिनं खुर्ची पुढे ओढली, पार टेबलाला पोट टेकेपर्यंत. आकडा वाढला.

मग ती श्वास रोखून, जराही न हलता बसली.

आकडा पुन्हा उतरू लागला.