भिंतीकडे तोंड

नातालीननं संत अंतोनीची तसबीर उचलून तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं. "किल्ल्या, कानातली, सगळं शोधून देतोस. आता लेक आण, मगच सरळ करीन." मुलाची होडी वादळात हरवली, त्याला आज सातवा दिवस होता.

तसबिरीच्या पाठीवर सासूबाईंचं अक्षर होतं: "बस्त्याव समुद्रावरून येईपर्यंत शिक्षा."

"तुमच्या वेळी आईंनीही हेच केलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हो. मी आल्यावर सरळ करायला विसरली. बिचारा महिनाभर भिंत बघत होता," बस्त्याव म्हणाला.

ती हसली नाही. "तुम्ही कितव्या दिवशी आलात?"

बस्त्याव चौथ्या दिवशी आला होता.

"दहाव्या," तो म्हणाला.

संताचं तोंड भिंतीकडे होतं, ते बरंच झालं.