आईपणाची हौस

बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर ज्याला पहिल्यांदा बघतं त्यालाच आई मानतं, असं आमच्या ह्यांनी कुठेतरी वाचलं आणि घरात इनक्युबेटर आला. अंडी फुटली तेव्हा साहेब तोंडासमोर लाल कव्हरचा मोबाइल धरून शूटिंग करत बसले होते. आता "बघा, कशी माझ्यामागे धावतात!" म्हणून येईल त्याच्यापुढे मिरवतात.

काल तो मोबाइल चार्जिंगला लावायला मी ह्यांच्या हातातून घेतला, तर पिल्लांची सगळी पलटण ह्यांना सोडून माझ्यामागे स्वयंपाकघरात. आणि पिल्लांच्या मागे, हात पुढे करून, आमचा चार वर्षांचा लेक. "आई, मोबाइल दे ना!"



तो जन्मला तेव्हाही हे असंच शूटिंग करत होते.