हंबीररावचं पान

जत तालुक्यातल्या एका गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर जैनुद्दीन कारकुनानं अठरा वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पान जरा फाटलं, की बायकोकडून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणायचा आणि पातळ कागदाची पट्टी डकवून ते सांधायचा.

चौऱ्याहत्तर साली वरून नवं रजिस्टर आलं. सोबत हुकूम होता, वाचता येईल तेवढंच उतरवा आणि जुनं जाळून टाका. तो उतरवायला बसला, तर कितीतरी पानांची कसरीनं पार चाळण केलेली. त्यानं रजिस्टर उन्हात ठेवलं, कडुलिंबाचा पाला घातला. पण खाल्लेली अक्षरं कुठून परत यायची?

बनुबाईच्या पोराचं, हंबीररावचं पान त्यातलंच. लष्करात जायचं तर जन्माचा दाखला पाहिजे, आणि भरती परवावर आलेली.

"आवं भाई, सा फुटाचं पोरगं घरात हिंडतंय, आन तुमी म्हंताय त्येच्या जन्माची नोंदच न्हाई?"

"वैनी, मी तरी काय करू? शेजारची पानं बघा, जशीच्या तशी हायती. कसर नेमकी ह्याच पानांच्या मागं का लागली, त्येच मला कळंना झालंय."

बनुबाईनं पानावरचा भुगा चिमटीत धरून चोळला, नाकाशी नेला.

"कागुद कुठला खातीया ती! पीठ खातीया."

 

त्या पानाला जैनुद्दीननं एकदा नाही, तीनदा खळ लावली होती.