तिसऱ्या कडव्यातली खरखर

बसवंतनं पॉलिश मशीनच्या बफवरून सीडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि स्वतःवरच खूश झाला. खालच्या बाजूचे ओरखडे सगळेच्या सगळे गेले होते. जाणारच की! पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ह्याच शेडमध्ये एकतीस वर्षं नळाच्या तोट्यांना पॉलिश मारलेला हात तो. आज रविवार, शेड बंद. मालकाकडून किल्ली मागून घेऊन तो एकटाच आला होता. मऊ कापडाचा बफ, बोटभर पॉलिशचा मसाला, आणि हात इतका हलका की खाली पापड असता तरी मोडला नसता.

सीडीवर चंद्राबाईचा पाळणा होता. बसवंतच्या भावाच्या पोराच्या बारशात तिनं म्हटलेला, सात कडव्यांचा, तिच्या माहेरचा. फोटोवाल्यानं कौतुकानं सीडीवर भरून दिला होता. चंद्राबाईला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी बसवंत तो जुना सीडी प्लेयर मांडीवर घ्यायचा, स्पंज झडलेला हेडफोन कानाला लावायचा आणि बायकोला ऐकायचा. हेडफोन स्वस्तातला, पण आवाज काय भरीव! बांगड्या उजव्या कानात, पाळण्याची कडी डाव्या कानात, आणि ती बरोब्बर मधोमध. फक्त तिसऱ्या कडव्यात सीडी अडकायची. खर्र खर्र करून थेट चौथ्यावर उडी मारायची.

आज लेक येणार होती, रंजिता, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटहून. तिला सातवा महिना. आपल्या बाळाच्या बारशात आईचाच पाळणा म्हणायचा म्हणून ती आज सगळे शब्द लिहून घेणार होती. आईच्या माहेरी तो पाळणा येणारं आता कुणी उरलं नव्हतं. मग पोरीनं तिसरं कडवं लिहायचं कसं? बसवंतनं विचार केला, ओरखडेच आहेत ना? ओरखडे काढणं हा तर आपला धंदा.

त्यानं सीडी उलटली. वरची बाजू कळकट होती, बोटांचे डाग, मार्करनं लिहिलेलं नाव पुसट झालेलं. खरं तर इथंच थांबायचं होतं बिचाऱ्यानं. पण एक बाजू घासून दुसरी तशीच ठेवलेला माल त्यानं जन्मात कुणाच्या हातात दिला नव्हता. शिवाय त्याला वाटलं, गाणं काय ते खालच्या चकचकीत बाजूला, वर नुसतं नाव. नाव काय, पुन्हा लिहिता येतं. त्यानं वरची बाजू बफला टेकवली.

टेकवली मात्र, आणि वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला. बारीक कपटे होऊन शेडभर उडाला, आणि गाणं होतं ते त्याच थरात. बसवंतनं घाईघाईनं हात मागं घेतला, मशीन बंद केलं. निम्म्या सीडीतून पलीकडची भिंत दिसत होती.

त्यानं ती तशीच प्लेयरमध्ये घातली. चकती फिरली, दोनदा कुरकुरली, थांबली. पडद्यावर 'नो डिस्क' आलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं. सेल काढून घातले. आवाज शेवटपर्यंत वाढवला. इतकी शांतता त्या हेडफोनमध्ये त्यानं कधी ऐकली नव्हती. "काय केलंस हे, खुळ्या," तो स्वतःलाच म्हणाला आणि स्टुलावर मटकन बसला.

"अप्पा! घराला कुलूप बघून इकडंच आले." रंजिता दारात उभी होती, एक हात कमरेवर, दुसऱ्यात वही. "ऐकत बसलायसा होय? द्या की, स्वल्प मी पण ऐकते."

त्याला मान वर करवेना. त्यानं प्लेयर उघडून सीडी नुसती तिच्यापुढं धरली. सीडीतून त्याची बोटं दिसत होती.

तिनं ती हातात घेऊन उजेडात धरली. मग तोट्यांच्या खोक्यावर हळूच बसली.

"मी मोबाइलवर घेतलं होतं की, अप्पा. हेडफोनला फोन टेकवून. तुम्हीच पुसायला लावलासा."

"पत्र्यावर खडे ओतल्यागत येत होता गं आवाज. ती तुझी आई वाटतच नव्हती." त्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "राहू दे म्हणायला पाहिजे होतं मी. पत्रा तर पत्रा."

रंजिताला राग आला होता, आणि त्याहून जास्त रडू येत होतं. तिनं ओढणीनं डोळे पुसले, वही मांडीवर उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"चार वर्षं रोज ऐकताय तुम्ही. सांगा, मी लिहिते. पहिलं कडवं?"

बसवंतनं तोंड उघडलं. चंद्राबाईचा आवाज कानात होता, अगदी जसाच्या तसा. पण शब्द? त्यांच्यात पाळणा बायका म्हणतात. पुरुष बाहेर पंगतीचं बघतात. त्यानं आठवून बघितलं, पुन्हा आठवून बघितलं. एक ओळसुद्धा धड हाताला लागेना.

"शब्दांकडं कोण लक्ष देत होतं गं," तो म्हणाला. "मी तिला ऐकत होतो."

"मग चाल तरी म्हणा."

त्यानं डोळे मिटले आणि गुणगुणायला लागला, जाड्या, बेसूर आवाजात. रंजिता पेन धरून ऐकत राहिली. मध्येच तो थांबला.

"पुढं?" ती म्हणाली.

त्यानं हात वर केला.

"थांब. इथं ती श्वास घेते."